अण्णांनी लावलेली व्यवस्था

माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, पत्त्यात गावाचे नाव कधीच नसे. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’, एवढाच तो पत्ता. एपीओ म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय. ९९ हा आकडा असला की पलटण पूर्वेकडच्या सीमेवर आहे, इतपत अंदाज घरातल्या प्रत्येकाला बांधता येई. त्यापलीकडे ते कोणत्या डोंगरावर किंवा कोणत्या नदीच्या काठावर आहेत, हे पत्र लिहिणाऱ्याने सांगायचे नसे आणि वाचणाऱ्याने विचारायचे नसे. आम्ही भावंडे ‘वडील कुठे असतात’ या प्रश्नाला ‘मिलिटरीत’ असे उत्तर देत असू, आणि ते एखाद्या गावाचे नाव असावे इतक्या सहजपणे देत असू.

आज अण्णांविषयी लिहिताना मला त्यांच्या शौर्याबद्दल लिहिण्याचा मोह होतो, कारण त्यांच्या छातीवर ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही १९७१ च्या युद्धाची पदके होती. पण शौर्याबद्दल बोलणारे त्यांच्या शोकसभेत पुष्कळ होते. मला सांगायचे आहे ते वेगळे आहे. आपण घरी नसलो, किंवा उद्या मुळीच नसलो, तरी घर चालले पाहिजे, या एका विचाराभोवती त्यांनी स्वतःचे सगळे आयुष्य रचले होते. त्यांचे आमच्यावरचे प्रेम आम्हाला जवळ घेण्यात फारसे दिसले नाही, कारण जवळ घ्यायला ते फारसे जवळ नव्हतेच. ते दिसले त्यांनी लावून ठेवलेल्या व्यवस्थेत.

१९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्य वाढवले जात होते, त्या लाटेत ते १९६३ मध्ये बेळगावला भरती झाले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर तिथे आहे. प्रशिक्षण संपल्यावर त्यांना पहिली बटालियन मिळाली, म्हणजे १७६८ साली उभी राहिलेली जंगी पलटण. या नावाचा त्यांना आयुष्यभर अभिमान होता. ४ फेब्रुवारीला, कोंढाण्याच्या लढाईच्या आठवणीत साजरा होणाऱ्या रेजिमेंटच्या दिवशी, ते कुठेही असले तरी पहाटे उठून दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून तयार होत. निवृत्तीनंतर बेळगावला जाणे जमले नाही, तरी त्या दिवशीची तयारी चुकली नाही.

१९६८ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि पंधरवड्यात रजा संपली. त्यानंतरचा त्यांचा संसार मुख्यतः पत्रांवर चालला. त्या काळच्या रीतीप्रमाणे पत्र आजोबांच्या नावे येई. ‘तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ अशी सुरुवात, मग प्रकृती, पाऊसपाणी, गुरे, मनीऑर्डर पोहोचली का याची चौकशी, आणि शेवटी ‘घरातील लहानथोरांस यथायोग्य’. पत्र शाळेत जाणारा धाकटा काका मोठ्याने वाचून दाखवी. आई दाराआड उभी राहून ऐके, आणि त्या ‘लहानथोरां’मध्ये तिने स्वतःला शोधून घ्यायचे असे. आईनेच हे मला पुढे सांगितले, पण तक्रार म्हणून नव्हे. ती म्हणाली, ‘पत्रात माझं नाव नसायचं, पण मला जे विचारायचं असेल तेच ते दादांना विचारायचे. मला कळायचं.’ एका पत्रात त्यांनी दादांना लिहिले होते की परसातली विहीर खोल आहे, तिथे कठडा बांधून घ्यावा, त्यासाठी वेगळे पैसे पाठवत आहे. त्या दिवसांत पाणी शेंदायला फक्त आईच जात असे.

आईच्या नावे स्वतंत्र पत्र पहिल्यांदा आले ते नोव्हेंबर १९७१ मध्ये. ती दुसरीपर्यंत शिकली होती. अक्षर लावून वाचता येई, लिहायची सवय मात्र पार सुटली होती. त्याच्या आधीच्या रजेत अण्णांनी तिला पाटीवर तिचे नाव गिरवायला लावले होते आणि घरातल्या बायका त्यावरून हसल्या होत्या. ते पत्र आजही आईकडे आहे. घड्यांवर ते फाटले आहे आणि शाई तपकिरी झाली आहे, पण अक्षर वळणदार आणि सरळ रेषेत आहे. पत्राला मजकुरापेक्षा कलमेच जास्त आहेत, आदेशाला असतात तशी. पहिल्या कलमात बँकेचे पुस्तक थोरल्या ट्रंकेच्या तळाशी, जुन्या घोंगडीखाली आहे, असे लिहिले आहे. दुसऱ्यात कोणाचे किती देणे आहे आणि कोणाकडून किती येणे आहे, त्यातले कोणते पैसे मागायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे नावानिशी आहे. तिसरे कलम ताईबद्दल आहे. ती तेव्हा दीड वर्षाची होती. तिला सहाव्या वर्षी शाळेत घालावे, घरकामासाठी मागे ठेवू नये, आणि जन्मतारीख शाळेत खरीच सांगावी. चौथे कलम मी इथे जसेच्या तसे लिहिते: ‘माझे काही बरेवाईट झाल्यास पेन्शनीचे कागद रेकॉर्ड ऑफिसकडून येतील. ते दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नयेत. अंगठा लावू नये. सही करावी.’

मी हे पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा मला रडू आले. आईला मात्र त्या वेळी राग आला होता. ‘माणूस लढाईवर निघालाय आणि मला ट्रंकेतला हिशेब सांगतोय,’ असे तिच्या मनात आले होते. राग ओसरायला तिला बराच काळ लागला, आणि तो ओसरल्यावर तिने पाटी पुन्हा बाहेर काढली. सबंध डिसेंबर महिना ती रात्री सगळे निजल्यावर स्वतःचे नाव गिरवत होती. त्या महिन्यात गावात तार घेऊन येणारा माणूस दिसला की ज्या ज्या घरातला मुलगा सैन्यात होता त्या घराचा श्वास अडके. शेजारच्या रेडिओवर बातम्या लागल्या की आई कपडे वाळत घालण्याच्या निमित्ताने कुंपणापाशी जाई. ढाक्याचे नाव तिने तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

त्या वेळी अण्णा कुठे होते, हे आम्हाला नंतर कळले. त्यांची पलटण ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांच्या ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये होती. मेघालयाच्या बाजूने पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, उतरून कमालपूर, बक्षीगंज, जमालपूर आणि टांगाइल या वाटेने ढाक्याकडे जाणारी ही ब्रिगेड होती. जमालपूरला पाकिस्तानच्या ३१ बलूच पलटणीने भक्कम ठाणे मांडले होते. समोरून धडक न देता जुन्या ब्रह्मपुत्रेचे पात्र ओलांडून जमालपूरच्या पाठीमागे जायचे आणि ढाक्याचा रस्ता अडवून बसायचे, असे ठरले, आणि हे काम लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्या नेतृत्वाखालील पहिल्या मराठा पलटणीकडे आले. ब्रिगेडियर क्लेर यांनी ठाण्याच्या कमांडरला शरण येण्याबद्दल पत्र पाठवले आणि त्याने उत्तराच्या पाकिटात बंदुकीची गोळी घालून पाठवली, ही हकिकत प्रसिद्धच आहे. १० डिसेंबरच्या रात्री ती फौज ठाण्यातून बाहेर पडून ढाक्याकडे निसटू पाहत होती, आणि रस्त्यावर मराठे बसले होते. रात्रभर लढाई झाली. सकाळपर्यंत जमालपूर पडले.

अण्णा याविषयी मौन बाळगणाऱ्यांपैकी नव्हते. विचारले की सांगत, अंगणात काठीने नदी, रस्ता आणि खंदक काढून सांगत. पण त्यांच्या सांगण्यात शत्रूला कसे मारले हे फारसे नसे. नदी ओलांडताना दारूगोळा कोरडा कसा ठेवला, होड्या जमवायला तिथल्या लोकांनी किती मदत केली, पाय ओले राहिले तर दोन दिवसांत माणूस कसा निकामी होतो, आपल्या सेक्शनमधल्या कोणाच्या पाण्याच्या बाटलीत त्या रात्री पाणी उरले होते, हे सगळे असे. ते तेव्हा नाईक होते, म्हणजे दहा माणसांची जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि त्यांची लढाईची आठवण ही त्या माणसांच्या हजेरीची आठवण होती. त्यातला एक जण त्या रात्री गेला. त्याच्या घरी ते पुढे प्रत्येक रजेत एकदा जाऊन येत. आई तिथे सोबत जाई आणि त्याच्या बायकोपाशी बसे.

लढाईतला एक प्रसंग मात्र ते आनंदाने सांगत. ११ डिसेंबरला टांगाइलजवळ २ पॅरा ही पलटण विमानांतून पॅराशूटने उतरवण्यात आली आणि तिने लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घेतला. दुसऱ्या दिवशी जमालपूरकडून येणारे मराठे तिथे त्यांना जाऊन मिळाले. ही २ पॅरा पूर्वी मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच तिसरी बटालियन होती. अण्णा म्हणत, ‘वाटणी होऊन वेगळा राहायला गेलेला भाऊ परमुलखात अचानक भेटावा, तसं झालं.’ १६ डिसेंबरच्या शरणागतीबद्दल आणि ९३ हजार युद्धकैद्यांबद्दल ते अभिमानाने बोलत, पण डोळ्यांत चमक येई ती पुंगली पुलाच्या वेळी.

त्यांच्या सेवेची वर्षे मोजायची तर लढाई हा तिचा फार लहान भाग ठरतो, आणि मला वाटते, सैनिकाला आठवताना आपण नेमके इथे कमी पडतो. २८ वर्षांच्या नोकरीत पहारा, कवायत, बर्फात उभे राहणे, ट्रकमधून दिवसच्या दिवस जाणे, वाट पाहणे आणि घरापासून दूर असणे हेच मुख्य होते. वर्षाकाठी दोन महिन्यांची वार्षिक रजा मिळे; ती पेरणीच्या वेळी घ्यावी की मुलांच्या सुट्टीत, हा आमच्या घरातला दरवर्षीचा पेच होता. त्यांच्यामागे आईने सासूसासऱ्यांचे दुखणे काढले, दोन दिरांची लग्ने केली, आमच्या वेळची बाळंतपणे एकटीने निभावली. माझा जन्म झाल्याचे त्यांना पत्राने कळले आणि त्यांनी मला पाहिले तेव्हा मी रांगत होते.

शांततेच्या ठाण्यावर क्वार्टर मिळाले तेव्हा आम्ही काही वर्षे त्यांच्याबरोबर राहिलो. माझ्या बालपणातला तो सर्वांत भरलेला काळ आहे. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचा क्रमांक आणि नाव, एक होल्डॉल आणि आम्ही तीन भावंडे, असा आमचा प्रवास असे. रविवारी संध्याकाळी ते व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरत आणि सगळ्यांचे बूट ओळीने मांडून पॉलिश करत. आधी ब्रशने चिखल झाडायचा, मग फडके बोटाला गुंडाळून लहान लहान वर्तुळांत पॉलिश चोळायचे, पाण्याचा एकच थेंब टाकायचा आणि पुन्हा चोळायचे. माझ्या बुटाच्या टाचेपाशी शिवण उसवली आहे, हे मला कळण्याआधी त्यांना कळत असे. आम्ही शेजारी बसून शाळेतले सांगत असू, आणि ते मान न उचलता ऐकत. त्यांनी मला ‘मला तू आवडतेस’ असे कधी म्हटले नाही. वर्गातल्या एका मुलीशी झालेले भांडण मी सांगितले होते आणि तीन आठवड्यांनी त्यांनी बुटावरून नजर न काढता विचारले, ‘ती मुलगी बोलायला लागली का?’

आमच्या प्रत्येकाच्या नावाची एक निळी फाइल होती. जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड, प्रत्येक शाळेचा दाखला, गुणपत्रिका, सगळे तारखेच्या क्रमाने लावलेले असे. वारंवार बदली होणाऱ्या माणसाच्या मुलांचे एखादे वर्ष कागद वेळेवर न मिळाल्यामुळे वाया जाते, हे त्यांनी सहकाऱ्यांच्या घरी पाहिले होते. आमच्यापैकी कोणाचेही वर्ष गेले नाही.

१९९१ मध्ये ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि घरी आले. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सैनिकांच्या बहुतेक घरांत घडते आणि क्वचितच लिहिली जाते. निवृत्त होऊन आलेला माणूस आपल्या घरात परततो असे जग समजते. प्रत्यक्षात तो अशा घरात येतो जे त्याच्यावाचून चालायला शिकलेले असते. पहिल्या महिन्यात अण्णांनी पाणी भरण्याच्या, जेवणाच्या आणि दिवा मालवण्याच्या वेळा ठरवून दिल्या. आईने त्या दोन आठवडे पाळल्या आणि मग एका सकाळी शांतपणे सांगितले, ‘अहो, तुमची पलटण तिकडं होती. हे घर मी चालवलंय.’ आम्ही भावंडे दारात उभे होतो. अण्णा बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी अगदी मनापासून विचारले, ‘मग मला काय नेमून देतेस?’ आईने त्यांना पाणी, बाजार आणि लाइटबिल नेमून दिले. त्यांनी ते शेवटच्या दुखण्यापर्यंत केले. ज्याने कंपनीतल्या शंभरावर माणसांची शिस्त सांभाळली होती, त्या माणसाला हे किती जड गेले असेल याचा विचार मी अनेकदा करते, आणि त्यांच्या सगळ्या पदकांपेक्षा मला ते उत्तर मोठे वाटते.

काही वर्षे त्यांनी बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरी केली, थोडी शेती पाहिली. पण त्यांचे खरे काम वेगळेच निघाले. पंचक्रोशीतल्या माजी सैनिकांच्या विधवा कागद घेऊन त्यांच्याकडे येऊ लागल्या. सैनिकाचे लग्न झाले, मूल झाले की त्याची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाच्या लेखी आदेशाने त्याच्या सेवापुस्तिकेत व्हावी लागते, आणि कुटुंब निवृत्तिवेतन त्याच नोंदीवर चालते. आपल्याकडे लग्नात मुलीचे नावही बदलण्याची पद्धत होती. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे आणि सैन्याच्या नोंदीत नवऱ्याने घाईत सांगितलेले तिसरेच, असे होऊन बसे. नवरा हयात असेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नसे. तो गेला की त्या बाईला ती स्वतः तीच आहे हे सिद्ध करावे लागे. अण्णा अशा बाईला समोर बसवून आधी पाणी देत, मग सगळे कागद जमिनीवर मांडत आणि कोणत्या कागदावर कोणते नाव आहे त्याचा तक्ता करत. प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तिथून रेकॉर्ड ऑफिस आणि पुढे अलाहाबादचे पेन्शन कार्यालय, अशी ती वाट त्यांना पाठ होती. सुरुवातीला सायकलवर आणि नंतर दुचाकीवर ते या कामासाठी हिंडले. साधे कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असते. रक्कम मोठी नसते, पण एका बाईला मुलाच्या दारात हात पसरावा लागत नाही एवढी असते. हे वाक्य त्यांचेच आहे.

त्यांच्या स्वतःच्या घरी तर कागदांचे काहीही अपुरे ठेवले नव्हते. आईच्या नावाची नोंद, जन्मतारीख, संयुक्त छायाचित्र, दोघांचे संयुक्त खाते, सगळे जुळते होते. पेन्शनराने दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, आणि तो फक्त अण्णांना द्यायचा होता. तरीही निवृत्तीच्या पहिल्या वर्षापासून ते आईला सोबत नेत. कोणत्या खिडकीवर जायचे, कोणता अर्ज मागायचा, पोच घेतल्याशिवाय कसे परतायचे नाही, हे तिने पाहावे म्हणून. ती कुरकुरत जाई.

२०१९ च्या पावसाळ्यात ते गेले. तालुक्यातले माजी सैनिक डोक्यावर सैनिकी बेरे टोपी आणि छातीवर पदके लावून आले; काही जण स्वतःच आधाराशिवाय उभे राहू शकत नव्हते. सगळे झाल्यावर त्यांच्यातल्या सर्वांत वयस्क हवालदारांनी ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की’ असे म्हटले आणि बाकीच्यांनी ‘जय’ म्हणून साथ दिली. जमालपूरच्या रस्त्यावर हीच घोषणा झाली असणार.

काही दिवसांनी आईने कपाटातून त्यांची फाइल काढली. वर एक कागद होता, ‘मी गेल्यानंतर’ असे शीर्षक आणि खाली कलमे. मृत्यूचा दाखला किती प्रतींत घ्यायचा, कोणत्या कार्यालयाला आधी कळवायचे, कोणाला फोन करायचा, आणि कोणत्या मुलाने कोणत्या कामासाठी रजा घ्यायची. माझ्या वाट्याला आईला बँकेत नेण्याचे काम आले होते. मी तिच्याबरोबर गेले खरी, पण मला करण्यासारखे काही उरले नव्हते. तिने अर्ज मागितला, कागद क्रमाने दिले, जिथे सांगितले तिथे स्वच्छ अक्षरात सही केली आणि पोच मागून घेतली. पहिले कुटुंब निवृत्तिवेतन कोणतीही अडचण न येता जमा झाले. अण्णांनी इतरांसाठी जे जे झगडून मिळवले होते, त्यातले काहीही तिला झगडून मिळवावे लागले नाही.

२०१४ पासून हयातीचा दाखला मशीनवर अंगठा टेकवून घरबसल्याही देता येतो. माझ्या भावाने तशी सोय करून देतो म्हटले, तेव्हा आईने नको म्हटले. कागदी अर्ज अजून चालतो, तेव्हा ती बँकेत जाऊन सही करून येते. गेल्या नोव्हेंबरात मी सोबत होते. रांगेत पुढे एक तरुण बाई होती. तिचा नवरा त्याच वर्षी गेला होता आणि पासबुकावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नव्हते. आईने तिला बाजूच्या बाकावर बसवले, पर्समधून पेन काढले आणि विचारले, ‘लग्नाआधीचं नाव काय तुझं? सेवापुस्तिकेत कोणतं आहे, बघितलंस का?’ मग तिने अर्जाची मागची कोरी बाजू वर केली आणि त्यावर दोन रकाने आखायला घेतले.